मैनेची साक्ष

मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे काढतात त्या खोलीला लागून, बिनखिडकीची एक खोली होती. बाहेरून येणारा प्रत्येक फोन तिथे आधी घेतला जाई आणि मग हव्या त्या विभागाला जोडून दिला जाई. ते काम करणाऱ्या बाईला सगळे मैना म्हणत. नाव दारावरच्या शिपायांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या कारकुनालाही तिचं खरं नाव आठवायला डोकं खाजवावं लागे. तिचा आवाजच तसा होता. स्वच्छ, गोल, कुठे खरखर नाही की हेल नाही. घाबऱ्याघुबऱ्या माणसाने फोन केला तरी तिच्या नुसत्या 'बोला' या शब्दाने त्याच्या जिवात जीव यायचा.

हा आवाज तिने कमावलेला होता.

शहराच्या मधून नदी जात होती आणि नदीवर जुना पूल होता. पुलाच्या त्या टोकाला जी दाट वस्ती होती, तिच्यातल्या माणसांना या बाजूचे लोक 'पलीकडचे' म्हणत. म्हणताना हनुवटी जराशी उडवत. रंगरूप, कपडालत्ता, काहीच वेगळं नव्हतं. पण पलीकडच्याने तोंड उघडलं की पटकन ओळखू येई. वाक्याचा शेवटचा शब्द ओढायचा, प्रश्नाच्या शेवटी इतर लोक सूर वर नेतात, तिथे तो खाली सोडायचा. मैना तिथलीच. लहानपणी रेडिओवरच्या बातम्या ऐकून ती आरशापुढे उभी राहून जसंच्या तसं बोलून बघायची. नोकरीच्या मुलाखतीला गेली तेव्हा तिच्या बोलण्यात पुलाचा वाससुद्धा उरला नव्हता. नोकरी लागली, या बाजूला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. वडील आधीच गेले होते, लग्न तिने केलं नव्हतं. आईला घेऊन ती राहायला आली.

आईची जीभ मात्र या वयात वळणार नव्हती. पहिल्याच दिवशी तळमजल्यावरच्या घरमालकीणकाकूंनी जिन्यात हसून विचारलं, कशा आहात आजी. आई लेकीकडे बघत राहिली, आणि मैनेच्या तोंडून निसटलं, "त्यांना ऐकू येत नाही." एकदा तोंडातून गेलेली थाप पाळीव जनावरासारखी असते, तिला रोज खाऊ घालावं लागतं. त्या दिवसापासून आई इमारतीत बहिरी झाली. काकू स्वभावाने वाईट नव्हत्या. म्हातारीची कीव येऊन त्या तिच्या कानाशी तोंड नेऊन अशा ओरडायच्या की धडधाकट माणसाचे कान जावेत. आई मान डोलवायची. वर येऊन दार लावलं की कान चोळत म्हणायची, या बाईच्या मायेने एक दिवस मी खरीच बहिरी होणार.

अशी वर्षं गेली. मग एका दुपारी चहाच्या सुट्टीत तिच्याबरोबर काम करणारी बाई पलीकडच्या माणसांच्या नकला करून दाखवत होती. एका म्हाताऱ्याचा फोन आला होता, बायकोला धाप लागली म्हणून. त्याने 'लवकर या' कसं ओढून म्हटलं, ते तिने हुबेहूब काढलं. खोलीतले सगळे हसले. सगळ्यांबरोबर मैनाही हसली. संध्याकाळी घरी जाताना तिला ते हसू घशात अडकलेल्या घासासारखं वाटत राहिलं. म्हाताऱ्याचा सूर तिच्या वडिलांचा होता.

पुढच्या सत्रात तिने संध्याकाळच्या कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं. आईने विचारलं, या वयात वकील होऊन कुणाला फासावरून उतरवणार आहेस? ते मैनेला स्वतःलाच माहीत नव्हतं.

कॉलेजात नागरी हक्कांचा कायदा शिकवणाऱ्या बाई स्वतः कोर्टात उभ्या राहत. मुलं त्यांना वकीलबाई म्हणत. उंचीने लहान, आवाजाने त्याहून लहान. पण त्या बोलायला लागल्या की शेवटच्या बाकावरची माणसं पुढे येऊन बसायची. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं की खुनाच्या खटल्यात निदान प्रेत असतं, भेदभावाच्या खटल्यात तेही नसतं. दार बंद झालेलं असतं आणि बंद करणारा हसून म्हणत असतो, अहो, कालच जागा गेली. खरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. ते कोर्टासमोर आणायचं तर दोन माणसं सगळ्या बाबतीत सारखी घ्यायची, एकच गोष्ट वेगळी ठेवायची, आणि दोघांना त्याच दारावर पाठवायचं. एकाला दार उघडलं आणि दुसऱ्याला नाही, तर का नाही, हे सांगायची पाळी दारवाल्यावर येते.

मैना हे सगळं उतरवून घ्यायची. पलीकडच्यांच्या खटल्यांचे जुने निकाल ती दोनदोनदा वाचायची. वर्गात चर्चा निघाली की ती गप्प राहायची. लोकांना वाटायचं, दिवसभर बोलून दमलेली बाई आहे.

वकीलबाई कॉलेजातच एक मोफत सल्ला केंद्र चालवत. दुसऱ्या वर्षाची मुलं तिथे मदतीला बसत. तिथे एकदा एक सुतार आला. पलीकडचा. बायको पोटुशी होती आणि काम या बाजूच्या कारखान्यात, म्हणून त्याला इकडे घर हवं होतं. बाजारपेठेमागच्या मोठ्या इमारतीवर 'जागा भाड्याने' अशी पाटी बघून तो एजंटकडे गेला. एजंट त्याचं बोलणं ऐकून घेऊन म्हणाला, उशीर केलात, जागा गेली. पण पाटी आठवडा उलटला तरी तशीच. सुतार परत गेला, तेव्हा एजंट म्हणाला, पाटी काढायला माणूस मिळत नाही. सुताराने तिथल्या तिथे सांगितलं, शिडी द्या, मी काढतो. तेव्हा त्याला हाकललं.

हे सांगताना तो हसला नाही. तो म्हणाला, "ताई, मला घर नको असेल तर चालेल. पण मला खोटं बोलून हाकललं, हे त्यांनी कुणासमोर तरी कबूल करावं."

वकीलबाईंनी दोन माणसं पाठवायचं ठरवलं. पलीकडचा माणूस वर्गातच होता, लांब्या म्हणून. तो आपली वस्ती कधी लपवत नसे, उलट त्यावरून विनोद करायचा. या बाजूचं कोण? लांब्यासारखंच नोकरी करणारं, साधारण तेवढ्याच पगाराचं, त्याच वयाचं. वकीलबाईंची नजर बाकांवरून फिरली आणि मैनेवर थांबली.

"तू जा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही."

नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागणार होतं, आणि कारण एकच होतं. ती म्हणाली, "जाते."

ठरल्या दिवशी लांब्या आधी गेला. जागा नाही असं ऐकून बाहेर आला आणि कोपऱ्यावरून त्याने मान हलवली. जरा वेळाने मैना आत गेली. एजंट गुबगुबीत, हसतमुख. ती दोन वाक्यं बोलली आणि तो खुर्चीवरून उठलाच. किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिच्यापुढे जिना चढू लागला. प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत होता, इथे शाळेचे मास्तर राहतात, इथे बँकेतले साहेब. जागा छान होती. दोन बाजूंना खिडक्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. खाली येताना त्याने सहज विचारलं, आपण कुठल्या?

मैनेने आपल्या आत्ताच्या गल्लीचं नाव सांगितलं. ते खोटं नव्हतं.

एजंट हसून म्हणाला, "ते तुमच्या बोलण्यावरूनच कळलं. आम्हाला काय, दोन शब्दांत माणूस कळतो. पलीकडचा एक जरी शिरला ना, की इमारतीचा पत्ताच बदलतो."

तिने खालच्या दारापर्यंत पाय स्थिर ठेवले. कोपऱ्यावर लांब्या उभा होता. काय झालं, त्याने विचारलं. जागा आहे, ती म्हणाली, आणि रस्त्याच्या कडेला बसून घेतलं.

त्याच संध्याकाळी तिने सगळं लिहून दिलं: एजंट काय म्हणाला, कुठल्या पायरीवर म्हणाला. वकीलबाई खूश झाल्या. दावा दाखल झाला. एजंटच्या बाजूने शपथेवर उत्तर आलं की सुतार आणि लांब्या आले तेव्हा जागा खरोखरच दुसऱ्याला दिलेली होती. नंतर तो व्यवहार मोडला, आणि योगायोगाने त्याच वेळी मैनाबाई आल्या. माणसाच्या बोलण्याकडे आपण कधी लक्षच देत नाही, असंही त्यात होतं.

मैनेला झोप लागेना. तिला साक्ष द्यावी लागणार हे उघड होतं. पुस्तक उघडलं की तेच डोळ्यांपुढे नाचायचं: दोन माणसं सगळ्या बाबतीत सारखी, एकच गोष्ट वेगळी. इथे ती एक गोष्टही वेगळी नव्हती. लांब्या पलीकडचा आणि ती पलीकडची. समोरच्या वकिलाला नुसता वास लागला तरी तो उभा राहून म्हणणार, बघा, माझ्या अशिलाने पलीकडच्या बाईला घर दाखवलं, मग भेदभाव कसला? सुताराचा दावा तिथेच आडवा. आणि गप्प राहावं, तर शपथ घेऊन उभं राहायचं आणि कुणीतरी विचारू नये म्हणून मनात धावा करायचा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तो सुतार. दर आठवड्याला केंद्रावर येऊन, टोपी हातात धरून, तारीख कधी म्हणून विचारणारा.

काही दिवस तिने काढले. रुग्णालयात फोन चुकीच्या विभागाला जोडले गेले, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी तिने आईला सगळं सांगितलं. दार लावलेलं होतं, खिडकीही लावलेली होती, तरी दोघी हळूच बोलत होत्या. या घरात हळू बोलायची सवयच झाली होती.

आईने शांतपणे ऐकलं. मग विचारलं की सांगितलंस तर हे घर जाईल का. जाऊ शकेल, मैना म्हणाली. नोकरी? नोकरी बहुधा नाही, पण चहाला कुणी शेजारी बसणार नाही. आणि सुताराचा दावा? तो तर नक्कीच बुडेल, असं वाटतं. 

"तुझं कायद्याचं मला कळत नाही," आई म्हणाली. "मी अजून किती वर्षं बहिरी राहायचं, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवशी मैना वकीलबाईंच्या खोलीत गेली. उभ्याउभ्याच तिने सांगून टाकलं. सांगताना शेवटच्या वाक्यात तिचा सूर घसरला, जन्माचा हेल इतक्या वर्षांनी आपोआप वर आला, आणि ते ऐकून वकीलबाईंनी चष्मा काढला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस, हे मी विचारणार नाही, ते मला कळतं. पण आता दोन गोष्टी करायच्या. एक, हे समोरच्या वकिलाला आपणहून कळवायचं, कारण माहीत असूनही लपवलेली गोष्ट घेऊन मी साक्षीदार उभा करत नाही. दोन, सुताराला सांगायचं, आणि ते तू सांगायचं. दावा त्याचा आहे. तुला उभं करायचं की नाही, ते तो ठरवेल.

सुताराला तिने केंद्राबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. तो तिच्याकडे बघेना. टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड बोटाने चाचपत राहिला.

"म्हणजे तुम्हाला ते घर मिळालं असतं," तो म्हणाला. "फक्त तोंड नीट ठेवायचं होतं."

मैनेने मान डोलवली.

"माझ्या बायकोने पण प्रयत्न केला होता तसं बोलायचा. दुकानात. लोक हसले." तो उठला. मैनेला वाटलं, चालला. पण दोन पावलं टाकून तो वळला. "उभ्या राहा. बुडालं तर बुडालं. पण तिथे आमच्यातलं कुणीतरी खरं बोललेलं मला ऐकायचंय."

मग तारीख पडेपर्यंतचे दिवस. समोरच्या वकिलाला कळवलं गेलं आणि त्याच्या कचेरीतून लगेच नवं म्हणणं आलं: आमच्या अशिलाने पलीकडच्या व्यक्तीला जागा देऊ केली होती, सबब दावा फेटाळावा. वकीलबाईंनी तो कागद मैनेपुढे टाकला आणि सांगितलं, विद्यार्थिनी म्हणून वाच, साक्षीदार म्हणून नको. यात काय दिसतं? मैनेने पुन्हा पुन्हा वाचलं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. आधी म्हणत होते, बोलण्याकडे लक्षच देत नाही, कोण कुठला ते माहीतच नसतं. आता म्हणतात, पलीकडच्या बाईला देऊ केली. माहीत नसताना देऊ केली, तर त्यात उदारपणा कसला?

वकीलबाई म्हणाल्या, "एका म्यानात दोन तलवारी घालून बसलेत. पण खूश होऊ नकोस. न्यायाधीशांना ते दिसेलच असं नाही. आणि तो वकील तुला सोलून काढणार आहे."

साक्षीच्या दिवशी सकाळी दोघी मायलेकी निघाल्या. आईने कधी नाही ते बरोबर यायचा हट्ट धरला होता. जिन्यात काकू भेटल्या. त्यांनी नेहमीसारखं म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन आरोळी ठोकली, सकाळी सकाळी कुठे निघालात आजी?

"कोर्टात," आई म्हणाली. आपल्या सुरात, शेवटचा शब्द ओढून. "आणि ओरडू नका बाई, मला ऐकू येतं. पहिल्यापासून येतंय."

काकूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आई मात्र कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, जणू काही झालंच नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर मैनेने विचारलं, हे आजच करायचं होतं? आई म्हणाली, तू तिथे सगळ्या गावासमोर बोलणार, आणि मी इथे जिन्यात बोलू नको?

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. एजंट पहिल्या रांगेत, स्वच्छ शर्टात. सुतार मागे, शेजारी त्याची बायको, पोटावर हात ठेवून. आई त्यांच्या पलीकडे जाऊन बसली. मैनेने शपथ घेतली आणि काय काय घडलं ते सांगितलं. मग समोरचा वकील उठला. उंच, सावकाश, बोलणं मधाळ. त्याने आधी तिच्या नोकरीचं कौतुक केलं, आवाजाचं कौतुक केलं. मग विचारलं, जन्म कुठला?

"पलीकडचा."

खोलीत कुजबुज झाली. मैना साक्ष देणार हे कानावर आल्याने रुग्णालयातली नकला करणारी बाई मागे येऊन बसली होती, हे मैनेला तेव्हाच दिसलं.

लपवून ठेवलं होतं ना? हो. घरमालकांपासून, वर्गापासून, स्वतःच्या वकीलबाईंपासूनसुद्धा? हो. म्हणजे आपल्या सोयीसाठी खोटं बोलणं ही तुमची जुनी सवय? वकीलबाई अर्धवट उठल्या, पण मैना आधीच म्हणाली, सवय नव्हे, गरज. पण खोटं होतं, ते मी नाकारत नाही. वकिलाने मान डोलवली, जणू तिने त्याचं कामच सोपं केलं होतं. मग त्याने तिला सांगितलं की तिने आपल्या मूळच्या बोलीत एखादं वाक्य बोलून दाखवावं, कोर्टाला ऐकू दे, फरक किती तो. त्याच्या आवाजात किंचित गंमत होती. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

वकीलबाईंनी हरकत घेतली. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या की साक्षीदाराला नको असेल तर गरज नाही. मैनेने वकिलाकडे बघितलं आणि आपल्या वडिलांच्या, त्या धाप लागलेल्या म्हाताऱ्याच्या, जिन्यातल्या आईच्या सुरात म्हणाली, "साहेब, जागा आहे का?"

वकील हसला. म्हणाला, बघा, जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आमच्याकडे तुम्ही असं बोललाच नाहीत. तेव्हा तुम्ही पलीकडच्या, आणि तुम्हाला जागा दाखवली गेली, या दोन्ही गोष्टी खऱ्या. खरं की नाही?

"खरं."

तो बसला. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान होतं. मैनेने सुताराकडे बघायचं टाळलं.

वकीलबाई उठल्या. त्यांनी फार काही विचारलं नाही. एजंटने आपण कुठल्या म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत? सध्याची गल्ली. त्यावर तो काय म्हणाला? मैनेने सांगितलं, शब्दन् शब्द, दोन शब्दांत माणूस कळतो इथपासून इमारतीचा पत्ता बदलतो इथपर्यंत. समोरचा वकील उठला, बसला, परत उठला. हे वाक्य तिच्या पहिल्या जबाबातच होतं, पण आतापर्यंत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

मग न्यायाधीशबाईंनी स्वतः विचारलं, "त्या क्षणी तुम्ही कोण आहात, असं त्यांना वाटत होतं?"

"इकडची," मैना म्हणाली. "मी पलीकडची आहे हे त्यांना कळलं असतं, तर किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरच राहिला असता."

"ते तुमचं मत झालं," समोरचा वकील म्हणाला.

"हो," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण दोन शब्दांत माणूस कळतो, हे तुमच्या अशिलाचं मत आहे. आणि बोलण्याकडे लक्ष देत नाही, हे त्यांनी शपथेवर सांगितलंय." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. ते काय, हे बघायला मैनेने मान उंचावली, पण तिथून दिसत नव्हतं.

निकाल यायला पुढचा ऋतू उजाडला. तोवर कुणाच्याच जिवाला स्वस्थता नव्हती. काकूंनी मैनेशी बोलणं टाकलं. रुग्णालयात चहाच्या वेळी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. नकला करणारी बाई एकदा काहीतरी बोलायला आली, आणि नुसती साखर मागून परत गेली. एका संध्याकाळी काकू वर आल्या. आत बोलावलं तर आल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मला मूर्ख बनवलंत, एका शब्दाने सांगायचं होतं.

"सांगितलं असतं तर जागा दिली असतीत?" मैनेने विचारलं.

काकूंनी चौकटीवरून हात फिरवला. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. "नसती दिली," त्या म्हणाल्या, आणि खाली गेल्या. घर सोडा असं मात्र त्यांनी सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

निकालात सुतार जिंकला. न्यायाधीशबाईंनी लिहिलं की नाकारलेला माणूस कुठे जन्मला, याच्याइतकंच नाकारणाऱ्याने त्याला कुठला समजलं, हे महत्त्वाचं. आणि साक्षीदार बाईंना दार उघडलं ते त्या कोण आहेत हे न कळल्यामुळे, हाच भेदभावाचा पुरावा. इमारतवाल्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं. ते अजून पडून आहे. सुताराला त्या इमारतीत घर मिळालं नाही. बायको बाळंत झाली ती बहिणीच्या घरी, आणि पुढे त्यांनी कारखान्याजवळ एक खोली घेतली, एका म्हाताऱ्या विधुराची, ज्याने कुठले म्हणून विचारलंच नाही. निकालाच्या दिवशी सुतार मैनेला म्हणाला होता, त्या एजंटच्या डोक्यावर राहायला मला आता कुणी फुकट बोलावलं तरी मी जाणार नाही. पण तो निकालाची प्रत मागून घेऊन गेला. ती त्याला नीट वाचता येत नव्हती. बायकोकडून वाचून घेतो म्हणाला.

मैना शेवटच्या परीक्षेला बसली, पहिल्या खेपेस एका पेपरात आपटली, दुसऱ्या खेपेस पास झाली. आता ती सकाळी रुग्णालयात असते आणि संध्याकाळी वकीलबाईंच्या केंद्रात. परवा तिच्याकडे एक बाई आली. एका पायाने लंगडणारी, कापडाच्या मोठ्या दुकानात काम मागायला गेलेली. तिला म्हणाले होते, जागा भरली. मैनेने तिला समोर बसवलं आणि कोर्टात काय काय विचारतील ते एकेक सांगायला सुरुवात केली. काय लपवलंस, कधी खोटं बोललीस, हेही विचारतील, ती म्हणाली. ते आधी मला सांग.

बाईने विचारलं, "खरं सांगितलं की जिंकतो का?"

"नेहमी नाही," मैना म्हणाली.

बाईने खुर्ची पुढे ओढली, दार लावून घ्यायला सांगितलं, आणि पहिल्यापासून सांगू लागली.